सौलोसीची पिल्लं निळी पडू लागली की काय करायचं

दुकानातून बारा पिवळेधमक मासे आणले. चार महिन्यांनी त्यातला एक मळकट दिसू लागतो, दुसऱ्याच्या अंगावर काळपट पट्टे उमटतात. मग लोक टँकमध्ये औषध ओततात. ते करू नका. हा आजार नाही. चिंडोंगो सौलोसीचा नर वयात येतो तेव्हा असाच दिसतो.

हा मासा आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचा. चिझुमुलू बेटाच्या उत्तरेला पाण्याखाली तैवान रीफ नावाचा खडक आहे, तेवढंच याचं मूळ घर. अॅक्वेरियमच्या व्यापारासाठी झालेल्या पकडीमुळे तिथली संख्या फार घटली आहे. म्हणून घरातली जोपासना नीट व्हायला हवी, आणि दुसऱ्या जातीशी संकर होऊ देऊ नये. पिल्लं आणि माद्या पिवळ्या असतात. पूर्ण रंगात आलेला नर फिकट निळा, अंगावर उभे काळे पट्टे.

टँक आणि पाणी

टँक चार फुटी, म्हणजे साधारण 240 लिटर. दगड भरपूर रचा, पण वाळू टाकायच्या आधी, थेट काचेच्या तळावर. हे मासे वाळू उकरतात आणि दगड ढासळतो. तापमान 25 ते 27 अंश, पीएच 7.8 ते 8.5. मुंबई-पुण्याच्या नळाचं पाणी या माशांसाठी फार मऊ, म्हणजे कमी क्षारांचं आहे. खायचा सोडा 100 लिटरमागे 3 ग्रॅम टाकला की केएच (पाण्यातल्या कार्बोनेट क्षारांचं माप) साधारण 1 अंशाने वाढतो. एका दिवसात 2 अंशांपेक्षा जास्त वाढवू नका, आणि बदलायच्या पाण्यातही तेवढ्याच प्रमाणात सोडा मिसळा. बोअरवेलचं पाणी असेल तर आधी मोजा, बऱ्याच ठिकाणी काहीच टाकावं लागत नाही.

पिल्लं 3 ते 4 सेंटिमीटरची, बारा ते पंधरा घ्या. चार-पाच घेऊन काम भागत नाही. निघालेले जास्तीचे नर काढल्यावर हातात काहीच उरत नाही.

खाणं स्पिरुलिनाचं, म्हणजे शेवाळापासून बनवलेलं, दिवसातून दोनदा, मिनिटभरात संपेल एवढंच. ट्युबिफेक्स, ब्लडवर्म, बीफहार्ट असं मांसाहारी खाद्य अजिबात नको. हा खडकावरचं शेवाळ खरवडून खाणारा मासा आहे. मांसाहाराने लवकर रंगेल असं सांगणाऱ्याचं ऐकलंत तर पोट फुगून मेलेले मासे हाती येतील.

रंग वाचणं: इथे घाई करू नका

साधारण 4 ते 6 सेंटिमीटरच्या टप्प्यावर सगळा घोळ होतो. नराचा पिवळा आधी मळतो, राखाडी-हिरवट झाक येते. पाठीवरच्या आणि पोटाखालच्या परांच्या कडा काळवंडतात. मग पट्टे उमटतात आणि सर्वात शेवटी निळा येतो. एखादा नर आठवड्यांत पूर्ण होतो, तर एखादा महिनोन्‌महिने अर्धवट राहतो.

तो अर्धवट राहतो, कारण सौलोसीत निळा रंग म्हणजे नुसतं नरपण नाही, तो हुद्दा आहे. टँकमधला मुख्य नर निळा असतो. त्याच्यापुढे हरलेला नर पिवळट, फिक्कट राहतो, मादीसारखा दिसतो आणि त्यामुळे मार कमी खातो. त्वचेतल्या काळ्या रंगपेशींमधले कण पसरले की पट्टे गडद होतात, आकसले की फिके. हे मिनिटांत होतं. सौलोसी ज्या सिक्लिड कुळातला, त्यातल्याच अॅस्टाटोटिलापिया बर्टोनी या जातीवर अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात रसेल फर्नाल्ड यांच्या प्रयोगशाळेत बरंच काम झालं. वरचढ नर काढून घेतला की दबलेला नर काही मिनिटांतच रंग आणि वागणं बदलतो, असं तिथे दिसलं.

म्हणूनच सर्वात वाईट सल्ला हा: “जो मारतोय त्याला काढा.” सर्वात निळा, सर्वात भांडखोर नर उचलला की शांतता थोडा वेळच टिकते. काल पिवळा दिसणारा दुसरा नर पट्टे चढवून तीच गुहा पकडतो, आणि नव्याने सगळ्यांना जिंकायचं असल्याने आधीच्यापेक्षा जास्त मारतो. त्यालाही काढलं की तिसरा तयार असतो. मुख्य नर ठेवा, काढायचे ते त्याच्या खालचे.

खालचे ओळखायचे कसे? रंगाने नाही. पोटाखालच्या परावरच्या पिवळ्या ठिपक्यांनीही नाही, ते माद्यांनाही असतात. कधी कधी वरचढ मादीसुद्धा मळकट पट्टे दाखवते. मासे 5 सेंटिमीटरचे झाले की एकेक जाळीत धरा, ओल्या हाताने उताणा करा आणि पोटाखालची दोन छिद्रं पाहा. नराची दोन्ही साधारण सारखी असतात, मादीचं मागचं छिद्र पुढच्यापेक्षा स्पष्ट मोठं. अर्ध्या मिनिटाच्या आत मासा पाण्यात परत. शंका आली तर तो मासा महिन्याने पुन्हा बघा, अंदाजाने निकाल देऊ नका.

चार फुटी टँकमध्ये एक नर आणि निदान पाच माद्या ठेवा. दोन-तीन नरांचा गटही चालतो, पण त्यासाठी माद्या दहाच्या पुढे हव्यात आणि प्रत्येक नराला दगडांचा वेगळा ढीग हवा.

जास्तीचे नर एकाच दिवशी काढा, संध्याकाळी दिवा बंद करायच्या आधी. त्याच वेळी दगड मोडून नव्याने रचा. जुन्या सीमा पुसल्या की राहिलेल्यांना पुन्हा पहिल्यापासून जागा शोधाव्या लागतात. दगड तसेच ठेवून नुसते मासे काढलेत, तर निम्मं काम वाया जातं.

रंग गेला आणि मासाही गेला, असं कधी होतं

सकाळी दिवा लावल्यावर पहिला अर्धा तास सगळेच फिके दिसतात, तेव्हा काही ठरवू नका. पांढऱ्याशुभ्र वाळूवरही रंग उतरतो, गडद वाळू घ्या.

पण फिका मासा हीटरच्या मागे किंवा वरच्या कोपऱ्यात पर मिटून लटकत असेल, तर तो मार खातोय. शेपटी फाटलेली असेल तर त्याच दिवशी वेगळा करा. सोबत खाणं थांबलं, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी आली, पोट फुगलं, तर तो मलावी ब्लोट. एक दिवससुद्धा थांबू नका: मासा वेगळा करा, खाणं बंद, आणि मेट्रोनिडॅझोलची मात्रा जाणकाराला विचारून सुरू करा. सगळ्याच माशांचे कल्ले जोरात हलत असतील तर रंगाचा विचार सोडा आणि अमोनिया मोजा. अमोनिया आणि नायट्राइट शून्यच हवेत, नायट्रेट 40 पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) खाली.

दोन-तीन सेंटिमीटरची पण झगझगीत रंगलेली सिक्लिडची पिल्लं दिसली तर घेऊ नका. संप्रेरक देऊन चढवलेला रंग काही आठवड्यांत उतरतो, आणि अशा माशांची वीणही अनेकदा बिघडलेली असते.

काढलेल्या नरांपैकी हरलेले वेगळ्या टँकमध्येही पिवळट दिसतील. कुणाला देताना ते नर आहेत हे स्पष्ट सांगा, नाहीतर घेणारा त्यांना माद्या समजून आपल्या नरासोबत सोडेल.