पुढच्या खरिपाचं सोयाबीन बियाणं आत्ताच राखा

बार्शी, अक्कलकोट, उत्तर सोलापूर भागात सोयाबीन वाळायला लागलं की मजूर मिळेल त्या दिवशी काढणी उरकली जाते. विक्रीच्या मालाचं त्यात फारसं बिघडत नाही, बियाण्याचं बिघडतं. घरचं बियाणं ठेवायचं असेल तर पाणी न साचणारा, एकाच वाणाचा तुकडा निवडा, त्यातली भेसळीची झाडं उपटा आणि त्या तुकड्याची काढणी-मळणी वेगळी करा.

पानं गळून ९० ते ९५ टक्के शेंगांचा रंग बदलला की काढणी करा. जेएस ३३५ या वाणाला साधारण ९५ ते १०० दिवस लागतात, फुले संगम या वाणाला थोडे जास्त. पण दिवस मोजण्यापेक्षा शेंगा फोडून बघा. पक्व पीक रानात उभं राहिलं आणि परतीचा पाऊस आला, की दाणा फुगतो, उन्हात आकसतो, पुन्हा फुगतो. मुळातच पातळ असलेलं टरफल तडकतं आणि बुरशी आत शिरते. जांभळे डाग पडलेले, सुरकुतलेले दाणे बियाण्यात घेऊ नका.

कापलेलं ओलं सोयाबीन बनीम (ढीग) लावून झाकलं तर आत वाफ धरते. दाणा वरून चांगला दिसतो, पण आतला अंकुर मेलेला असतो. पाऊस असेल तेवढा वेळच ताडपत्री ठेवा. उघडीप मिळाली की काढून माल पसरा.

खरं नुकसान मळणीत होतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. दाण्यात १४ टक्के ओलावा असेल तर मळणी यंत्राच्या ड्रमची गती मिनिटाला ४०० ते ५०० फेरे ठेवा, १३ टक्के असेल तर ३०० ते ४००. मळणीवाला घाईत असतो, त्याला हे सुरू करण्याआधीच सांगा. पहिलं पोतं भरलं की १०० अखंड दाणे पाण्यात टाका आणि ५ मिनिटांनी फुगलेले मोजा. ते १० पेक्षा जास्त निघाले तर टरफलं फुटत आहेत. गती कमी करा.

मळलेलं बियाणं ताडपत्रीवर पातळ पसरून १० ते १२ टक्क्यांपर्यंत वाळवा. दाताखाली दाणा दबला तर अजून ओल आहे. कट्कन तुटला पाहिजे. ओलावा एका टक्क्याने उतरला तरी बियाण्याचं आयुष्य जवळपास दुपटीने वाढतं.

साठवणीला नवं किंवा स्वच्छ बारदान घ्या. हवाबंद प्लास्टिकच्या पोत्यात अर्धवट वाळलेलं बियाणं घुसमटतं. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा आणि थप्पी ५ पोत्यांच्या वर नेऊ नका. खालच्या पोत्यातला दाणा दाबाने फुटतो. उन्हाळ्यात सोलापुरात पारा ४० च्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याच्या शेडपेक्षा कौलाची किंवा मातीची थंड खोली बरी. त्याच खोलीत खतं ठेवू नका. चढ-उतार करताना पोती आपटू नका, खांद्यावरून फेकलेलं पोतं म्हणजे दुसरी मळणीच.

मेमध्ये पोत्यांच्या वरच्या, मधल्या, खालच्या भागातून दाणे काढून १०० दाणे ओल्या बारदानात गुंडाळा. गुंडाळी सावलीत ओलसर ठेवा, ५ ते ७ दिवसांनी धडधाकट कोंब मोजा. ७० असतील तर एकरी ३० किलो पेरा, ६५ असतील तर ३२, ६० असतील तर ३५. त्याखाली आले तर ते बियाणं बाजारात विका आणि जूनच्या आत दुसरं बघा.