काहिलीतला संत: छळाचं धर्मचित्र कसं वाचावं

छळाच्या चित्रासमोर नजर आधी यातनेवर जाते आणि तिथेच अडकते. म्हणून सुरुवात तिथून करूच नका. सरावाला जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररचं १४९८ चं लाकडी ठशाचं चित्र घ्या: येशूचा शिष्य संत योहान, त्याला उकळत्या तेलात घातलंय. चित्राची उंची सुमारे ३९ सेंटिमीटर, रुंदी २८. पडद्यावर बघत असाल तर पूर्ण मोठं करून बघा, नाहीतर रेघांचा नुसता करडा गोळा होतो.

पहिली फेरी फक्त हातांची. एक माणूस भाता दाबून जाळ फुलवतोय. दुसरा लांब दांड्याच्या पळीने संताच्या अंगावर तेल ओततोय. दोघेही आपापल्या कामात गढलेले, एखाद्या कारागिरासारखे. या चित्रातलं क्रौर्य मला तरी या कामसूपणातच सर्वांत जास्त जाणवतं. आणि काहिलीत, म्हणजे तेलाच्या मोठ्या कढईत, या सगळ्यांच्या मध्ये, दोन जोडलेले हात.

आता संताचं अंग बघा. उघडं आहे, पण त्यावर एकही फोड नाही. इथे बरेच जण चुकतात: ‘चित्रकाराला वेदना दाखवता आली नाही’ असं म्हणून मोकळे होतात. परंपरा सांगते की योहान तेलातून सुखरूप निघाला, मग त्याला पात्मोस बेटावर हद्दपार केलं आणि तिथे त्याला दृष्टान्त झाले. ते दृष्टान्त म्हणजेच बायबलमधलं ‘प्रकटीकरण’, जगाच्या अंताचं पुस्तक. ड्यूररच्या १५ चित्रांच्या मालिकेचा विषय तोच. तेलाचा प्रसंग बायबलमध्ये नाही, तरी मालिकेत तो पहिला येतो. पुढचं सगळं ज्याने पाहिलं, तो साक्षीदार कोण, हे आधी सांगायचं आहे. आपल्याला इथे तेलाच्या कढईतला सुधन्वा आठवेल. प्रसंग ओळखायला ते पुरे, पण अर्थ मात्र योहानाच्या कथेतूनच काढा.

मग कपडे. डावीकडे सिंहासनावर बसलेला सम्राट दोमिशियन पहिल्या शतकातला रोमन, पण डोक्याला तुर्की धाटणीचं पागोटं! १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडल्यापासून युरोपात ऑटोमन तुर्कांच्या सैन्याची धास्ती होती, आणि ड्यूररच्या गावच्या, न्यूरेंबर्गच्या गिऱ्हाइकाला छळ करणारा राजा याच वेशात ओळखू येई. त्यामुळे प्राचीन रोममध्ये शिक्षा कशी देत, याचा पुरावा म्हणून हे चित्र वापरू नका. ते १४९८ च्या जर्मनीची भीती सांगतं.

मूळ कागद हाताळायला मिळाला तर तांब्याच्या पत्र्याच्या छपाईत कडेला उमटतो तसा दाबाचा चौकोन शोधत बसू नका. लाकडी ठशात तो नसतो. त्यापेक्षा कागदाची मागची बाजू बघा. ही मालिका पुस्तक म्हणून निघाली, आणि त्या पुस्तकातल्या पानाच्या मागे मजकूर छापलेला असतो. तो जर्मन असेल तर पान १४९८ चं. लॅटिन असेल तर १४९८ किंवा १५११, आणि मग अक्षरजुळणी ताडून बघावी लागते.