बऱ्याच वर्षांनी परतलेल्या बँडचा अल्बम कसा ऐकावा

जुनी गाजलेली गाणी त्या दिवशी मुळीच लावू नका. आधी लावलीत, तर नवं गाणं उगाच त्यांच्याशी तोललं जातं. त्याऐवजी बँडचा मागचा अल्बम ऐका, म्हणजे मंडळी कुठून निघून कुठे पोचली ते कळतं.

ब्रिटिश रॉक बँड रोलिंग स्टोन्सचंच बघा. 2005च्या ‘अ बिगर बँग’नंतर स्वतःच्या नव्या गाण्यांचा ‘हॅकनी डायमंड्स’ आला थेट 2023 मध्ये. मधला 2016चा अल्बम जुन्या ब्लूज गाण्यांचा होता. दरम्यान, 2021 मध्ये ड्रमर चार्ली वॉट्स गेले. त्यांचं वादन फक्त सातव्या आणि आठव्या गाण्यात आहे, बाकी बहुतेक ठिकाणी स्टीव्ह जॉर्डन.

ही दोन गाणी हेडफोन लावूनच ऐका. चालीकडे, शब्दांकडे लक्ष नको. कान फक्त ड्रम्सवर. स्नेअरवर, म्हणजे करकरीत आवाजाच्या छोट्या ड्रमवर ठोका पडताना चार्ली हाय-हॅटवरची, म्हणजे जोडझांजेवरची काठी उचलून घ्यायचे, त्यामुळे तो ठोका मोकळा, सुटा वाजतो. मग लगेच नववं गाणं लावा. जॉर्डनही उत्तम वाजवतात, पण हात वेगळा आहे हे जाणवतंच. मला तर आठव्यात बास गिटारवर बँड कधीच सोडून गेलेले बिल वायमन आहेत याचंच भरून येतं!

क्रम बदलू नका, शफल बंद ठेवा. शेवटी ब्लूज गायक मडी वॉटर्सचं गाणं आहे, ज्यावरून 1962 मध्ये बँडचं नाव पडलं. गायक जॅगर आणि गिटारवादक रिचर्ड्स, दोघंच. ते आधीची अकरा ऐकून झाल्यावरच ऐका.