लघवीच्या रिपोर्टमध्ये सगळं 'रेझिस्टंट' आलं? या चुका टाळा

मागच्या वर्षी आईला लघवीला जळजळ आणि थंडी वाजून ताप आला, कल्चर (लघवीतले जंतू वाढवून बघायची टेस्ट) केलं तर ई. कोलाय नावाचा जंतू निघाला आणि औषधांच्या नावापुढे नुसतं रेझिस्टंट, रेझिस्टंट, रेझिस्टंट, म्हणजे ते औषध या जंतूवर चालत नाही. आई म्हणाली, अगं मी तर कधी हॉस्पिटलात ॲडमिटसुद्धा झाले नाही, मग हे आलं कुठून? डॉक्टर म्हणाले, तुमच्याच आतड्यातून.

ई. कोलाय आपल्या सगळ्यांच्याच आतड्यात असतो आणि बहुतेक वेळा काही त्रास देत नाही. पण त्यातले काही ईएसबीएल नावाचं एन्झाइम बनवतात, ते सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिक (जंतू मारणारी) औषधं तोडून टाकतं, आणि ही कला ते शेजारच्या जंतूंनाही देऊ शकतात. माणूस धडधाकट, त्याला पत्ताच नाही. नेदरलँड्समधल्या प्रवाशांवरचा एक मोठा अभ्यास 2017 मध्ये आला, त्यात दक्षिण आशियात फिरून परत गेलेल्या दर 4 पैकी 3 जणांनी असे जंतू पोटात सोबत नेले होते. ते काही दिवसांसाठी येतात, आपण तर इथेच राहतो.

'माझ्या शरीराला औषधाची सवय झालीय' हे आधी डोक्यातून काढा. सवय जंतूंना होते, शरीराला नाही. म्हणून 'मी कधीच गोळ्या घेत नाही, मला काय होणार' हेही चूकच, कारण हे जंतू पाण्यातून, अन्नातून, घरातल्याच कुणाच्या हातून येऊ शकतात.

सर्दी झाली की मेडिकलमधून अझिथ्रोमायसिनची 3 गोळ्यांची स्ट्रिप आणायची, हे तर घरोघरी चालतं. सर्दी व्हायरसची, तिला या गोळीने काही होत नाही, पण आतड्यातले साधे जंतू मरतात आणि रेझिस्टंट जंतूंना मोकळं रान मिळतं. साध्या जुलाबाचंही तेच, ओआरएस द्यायचं सोडून लोक आधी अँटिबायोटिक देतात. त्या डच अभ्यासातही प्रवासात अँटिबायोटिक घेतलेल्यांना हे जंतू चिकटायचा धोका जास्त दिसला. (शौचातून रक्त पडतंय, ताप जास्त आहे तर मात्र घरी बसू नका, डॉक्टरकडे जा.)

आता मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय ते हे. हेल्थ चेकअपमध्ये लघवीत बॅक्टेरिया दिसले, जळजळ नाही, ताप नाही, काहीच त्रास नाही, तरी लोक कोर्स मागून घेतात. वयस्कर बायकांमध्ये आणि डायबेटिस असलेल्यांमध्ये असे जंतू नुसते असणं खूप कॉमन आहे आणि त्रास नसेल तर सहसा औषध लागत नाही. गरोदर बाई आणि लघवीच्या मार्गाचं ऑपरेशन होणार असलेला पेशंट, हे मुख्य अपवाद. आणि खरंच त्रास असेल तर सॅम्पल नीट द्या: पहिली धार सोडून मधली लघवी, शक्यतो गोळी सुरू करायच्या आधी, आणि बाटली दोन तासांत लॅबमध्ये, नाहीतर फ्रिजमध्ये. टेबलावर अर्धा दिवस पडलेल्या बाटलीत जंतू वाढतात आणि नसलेल्या इन्फेक्शनचा इलाज सुरू होतो.

बरं, पोटात असे जंतू आहेत कळलं म्हणून 'साफ करायला' अजून एक कोर्स घेऊ नका, त्याने बिघडायचीच शक्यता जास्त. त्या प्रवाशांपैकी निम्म्यांच्या पोटातून ते साधारण महिनाभरात आपोआप गेले, वर्षानंतरही राहिले ते 11 टक्क्यांच्या आसपास. तोपर्यंत संडासहून आल्यावर आणि कणीक मळायच्या आधी साबणाने हात धुणं, एवढं केलं तरी घरातल्या लहान मुलांपर्यंत पोचायचा धोका कमी होतो.

उरलेल्या गोळ्या शेजारच्या काकूंना देऊ नका. आणि जुना कल्चर रिपोर्ट फेकू नका, पुढच्या वेळी ताप आला किंवा ॲडमिट व्हायची वेळ आली की तो आधी दाखवा, डॉक्टरांना पहिल्याच दिवशी योग्य औषध निवडायला त्याची मदत होते. आईच्या रिपोर्टचा फोटो मी माझ्या आणि भावाच्या, दोघांच्याही फोनमध्ये ठेवलाय.