जीआरईचे शब्द: तीन महिन्यांची तयारी कशी लावायची

जीआरई म्हणजे परदेशात पुढचं शिक्षण घ्यायला द्यायची प्रवेश परीक्षा, आणि तिच्या व्हर्बल म्हणजे इंग्रजी भाषेच्या भागात अवघड शब्द येतात. पण सगळ्यात आधी पासपोर्ट काढून समोर ठेवा, शब्दांचं नंतर बघू. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावाला चिकटून वडिलांचं नाव असतं आणि मार्कशीटवर आडनाव पहिलं, त्यात रजिस्ट्रेशनला गोंधळ होतो, तर पासपोर्टवर आहे तसंच अक्षर न अक्षर टाका. आणि परीक्षेची तारीख घेऊनच टाका, तारीख नसली की पाठांतर पुढे ढकललं जातं, हे मी दर वर्षी ज्युनिअर मुलामुलींमध्ये बघते.

परीक्षा घेणाऱ्या ईटीएस संस्थेच्या पॉवरप्रेप नावाच्या दोन सराव टेस्ट फुकट आहेत, त्यातली एक पहिल्याच आठवड्यात द्या, दुसरी शेवटच्या पंधरवड्यासाठी राखून ठेवा. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा १ तास ५८ मिनिटांची झालीय, व्हर्बलचे २७ प्रश्न, आधी १८ मिनिटांत १२ मग २३ मिनिटांत १५, म्हणजे प्रश्नाला जेमतेम दीड मिनिट, आणि पहिला भाग कसा गेला त्यावर दुसरा किती अवघड येणार ते ठरतं. शब्द आठवायला तिथे वेळ नसतो, तो दिसल्या दिसल्या कळला पाहिजे.

कुणा सीनिअरकडून साडेतीन हजार शब्दांची पीडीएफ आली असेल तर ती बंद करा. विरुद्धार्थी शब्द आणि अ‍ॅनालॉजीचे (शब्दांच्या जोड्यांमधलं नातं ओळखायचे) प्रश्न ऑगस्ट २०११ मध्येच गेले, आता शब्द वाक्यात बसवायचा असतो. नीट समजलेले आठशे-हजार शब्द माझ्या मते पुरतात. मी स्वतः पहिले दोन महिने ए-बी-सी-डीच्या क्रमाने पाठ करण्यात घालवले, एफपर्यंत पोचले तेव्हा ए पुसला गेला होता, आणि ते दोन महिने परत मिळाले नाहीत म्हणून हे एवढं कळकळीने लिहितेय.

आता दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर इंग्रजी नाही, मराठी शब्द लिहा. माझं एक पान होतं ‘चिक्कू’. खाली पार्सिमोनियस, मायझर्ली, पेन्यूरियस. आणि रेघ मारून हिरव्या पेनने फ्रूगल, कारण फ्रूगल म्हणजे काटकसरी. आपल्या आईला कुणी काटकसरी म्हटलं तर आपल्याला बरं वाटतं, चिक्कू म्हटलं तर राग येतो, नेमका हाच फरक परीक्षेत विचारतात आणि तो तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे. तसंच घुम्याच्या पानावर टॅसिटर्न, किरकिऱ्याच्या पानावर क्वेर्युलस, हांजी हांजी करणाऱ्याच्या पानावर ऑब्सीक्वियस, गुळमुळीत बोलण्याच्या पानावर इक्विव्होकेट. मराठी मीडियमवाल्यांनी तर हे करायलाच हवं, तुमच्याकडे हे शब्द आधीच भरलेले आहेत.

मुळांसाठीही संस्कृत कामाला येतं, लॅटिन आणि संस्कृत एकाच घरातल्या. मृत आणि मॉरिबंड, म्हणजे मरणपंथाला लागलेलं. नाम आणि इग्नॉमिनी, म्हणजे नाव जाणं, नाचक्की. ज्ञान आणि कॉग्निझंट, म्हणजे जाणीव असलेला. आणि बैलाच्या मानेवरचं जू आठवा, लॅटिनमध्ये ते जुगम, सब म्हणजे खाली, जुवाखाली आणणं म्हणजे सबजुगेट. हा शब्द मी परत कधी विसरले नाही.

फसवे शब्द वेगळ्या पानावर. एनर्व्हेट ऐकायला एनर्जीसारखा, अर्थ मात्र अंगातली ताकद काढून घेणं. रेस्टिव्ह म्हणजे चुळबुळणारा, नॉइसम म्हणजे घाण वासाचं, आवाजाशी काही संबंध नाही. आणि सोपे वाटणारे तर जास्त घात करतात, क्वालिफाय म्हणजे विधानाला मर्यादा घालणं, फ्लॅग म्हणजे थकणं, डिसइंटरेस्टेड म्हणजे निःपक्षपाती, सँक्शन म्हणजे परवानगीही आणि बंदीही.

सेंटेन्स इक्विव्हॅलन्स या प्रकारात रिकाम्या जागेसाठी सहा पर्यायांतून वाक्याचा अर्थ सारखाच ठेवणारे दोन निवडायचे, एक बरोबर एक चूक असेल तर शून्य. समजा वाक्य असं आहे की एरवी सभेत तावातावाने बोलणारा तो गृहस्थ त्या दिवशी मात्र ___ होता, आणि पर्याय टॅसिटर्न, गॅर्युलस, एर्युडाइट, रेटिसेंट, लोक्वेशस, मोरोस. गॅर्युलस-लोक्वेशस (दोन्ही म्हणजे बडबड्या) ही जोडी आधी डोळ्यात भरते, पण ‘मात्र’ने वाक्य उलटवलंय, आणि मोरोस (उदास) चालेलसा वाटला तरी त्याला जोडीदार नाही. म्हणून आधी पर्याय हाताने झाका, रिकाम्या जागी आपला मराठी शब्द घाला (गप्प, घुमा, काहीही), मग हात काढा, टॅसिटर्न-रेटिसेंट ही जोडी आपोआप दिसेल. रोज दहा प्रश्न असे सोडवा.

उजळणीला अँकी हे फ्लॅशकार्डचं अ‍ॅप लावा, जो शब्द चुकतो तो लवकर परत येतो, येणारा लांब जातो. रोज नवे वीस, त्याहून जास्त नको, आणि एक दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी चाळीस करू नका, फक्त जुने फिरवा. सोबत रोज एक मोठा इंग्रजी लेख, विज्ञान किंवा इतिहासातला.

शेवटच्या आठवड्यात नवा शब्द नको, फसव्यांचं पान तेवढं रोज वाचा. मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. परीक्षेच्या दिवशी चार विद्यापीठांना स्कोअर फुकट पाठवता येतो, ती नावं आदल्या संध्याकाळीच ठरवून ठेवा, आणि वही पासपोर्टच्या बाजूला, वाटेत रिक्षात चाळायला.