उपवासकाळात घरची प्रार्थना कशी चालवावी

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, चर्च भरतं. गुरुवारपासून घराघरांत काय होतं, याची मला जास्त काळजी वाटते. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, १९७० साली उत्तर भारतीय मंडळीत (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) सामील झाली, पण माझगावच्या आमच्या घरात १६६२च्या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) प्रार्थनापुस्तकाचाच क्रम चालतो. नव्यानं संसार मांडलेल्या मुलामुलींना मी तोच सांगते.

वेळ आधी ठरवा. आमच्याकडे पाणी भरून झालं की, डबे भरायच्या आधी. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

राखेच्या बुधवारची छोटी प्रार्थना रोज म्हणा. देवा, तू घडवलेल्या कशाचाही तू द्वेष करत नाहीस; आमच्यात नवं, पश्चात्तापी हृदय निर्माण कर, असा तिचा आशय. १५४९पासूनची ही प्रार्थना पूर्ण उपवासकाळभर रोज म्हणावी, अशी पुस्तकातच सूचना आहे. रोज नवं मनन शोधत बसू नका. तेच शब्द तोंडात बसले की चर्चगेटच्या गर्दीतही आपोआप ओठांवर येतात.

मग बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र, मोठ्यानं. पश्चात्तापाची सात स्तोत्रं मी अशी वाटते: सोमवारी ६, मंगळवारी ३२, बुधवारी ३८, गुरुवारी १०२ (लांब आहे, दोघांनी आळीपाळीनं वाचा), शुक्रवारी ५१, शनिवारी १३० आणि १४३. रविवारी यातलं काही नको. रविवार चाळीस दिवसांत धरत नाहीत, तो प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस.

रविवारचं शुभवर्तमान, म्हणजे चर्चमध्ये वाचला जाणारा येशूच्या चरित्रातला उतारा, शनिवारी रात्री वाचून ठेवा. तुमच्या चर्चमध्ये वाचनांचा दुसरा तक्ता असेल तर तोच घ्या. जुन्या क्रमात पहिल्या रविवारी मत्तयच्या शुभवर्तमानाचा ४था अध्याय, सैतानानं रानात घेतलेली येशूची परीक्षा. दुसऱ्या रविवारचं मत्तय १५:२१-२८ मात्र घाईनं वाचू नका. कनानी बाई लेकीसाठी ओरडते आणि येशू तिला एका शब्दानंही उत्तर देत नाही. तिथं थांबा, मिनिटभर. ज्यांच्या घरात आजारपण आहे त्यांना ती शांतता ओळखीची असते. ती बाई माघारी जात नाही. टेबलाखालचा चुरा तरी मिळेल म्हणून वाद घालते, आणि लेक बरी होते. प्रार्थना अशी चिवट असावी, असं मी मानते.

उपास करत असाल तर मत्तय ६ म्हणतं तसं डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, ऑफिसात सांगत फिरू नका. वाचलेल्या जेवणाचे पैसे एका डब्यात टाका आणि गरजवंताला गुपचूप द्या.

पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरआधीच्या शेवटच्या आठवड्यात, वाचनं लांबतात: सोमवारी मार्क १४, मंगळवारी मार्क १५:१-३९, बुधवारी लूक २२, गुरुवारी लूक २३:१-४९. बुधवारचा अध्याय अर्धा सकाळी, अर्धा रात्री वाचला तरी चालेल. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दुपारच्या उपासनेला निघण्याआधी योहान १९, सदतिसाव्या वचनापर्यंत, एका बैठकीत वाचा. मुलांना वाचता येत असेल तर त्यांनाही वचनं वाटून द्या.