सोलापुरात मुलांना घरी शिकवताना दिवस कसा बसवायचा: ऊन, रान आणि सुताची पेटी

आमच्या घरात तीन मुलं. थोरली तेरा वर्षांची, मधला नऊचा, धाकटी पाचची. तिघंही घरीच शिकतात. पहिल्या वर्षी मी हॉलमध्ये फळा लावला, पस्तीस मिनिटांचे तास पाडले आणि मधल्या सुट्टीची घंटासुद्धा वाजवली. दोन महिन्यांत मुलं कंटाळली, माझा स्वयंपाक रोज उशिरा होऊ लागला आणि घरात सतत चिडचिड सुरू झाली. सासूबाई एकदाच बोलल्या, "अगं, उन्हाकडं बघून काम लाव की. रानातली माणसं काय घंटा ऐकून उठतात?"

तेव्हापासून आमचा दिवस उन्हाकडे बघून चालतो. एप्रिल-मेमध्ये इथला पारा 42-43 अंशांवर जातो, दुपारी डांबर पायाला चिकटतं. अशा गावात वेळापत्रक आधी कागदावर ठरवून चालत नाही. तुम्हीही घरी शिकवायचं ठरवत असाल, तर जे आम्हाला उपयोगी पडलं ते क्रमाने सांगते.

आधी कागदपत्रं

हे काम रुक्ष आहे, पण ते आधी उरकलं की मन मोकळं होतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात 6 ते 14 वयाच्या मुलांना शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे. ते न केल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही आणि घरी शिकवण्याबद्दल वेगळी तरतूदही नाही. म्हणून पुढची वाट तुम्हालाच आखून ठेवावी लागते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत म्हणजे एनआयओएसमध्ये 14 वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीच्या पातळीची नोंदणी करता येते. उत्तीर्ण व्हायला पाच विषय लागतात, त्यात किमान एक भाषा हवी. सगळे विषय एकाच वेळी द्यावे लागत नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. थोरलीची तयारी आम्ही त्याच हिशोबाने चालवली आहे.

प्रत्येक मुलाची एक फाइल करा. त्यात जन्मदाखला, आधार आणि दर महिन्याची तीन-चार कामं तारीख घालून लावा: लिहिलेलं पान, गणिताचं पान, चित्र, केलेल्या वस्तूचा फोटो. रात्री दहा मिनिटं पुरतात. वर्षाच्या शेवटी एकदम करू म्हटलं तर होत नाही, हे अनुभवाने सांगते.

दिवसाचे तीन तुकडे

सकाळी सहा ते साडेआठ बाहेर. नऊ ते साडेअकरा बैठकीचा अभ्यास: वाचन, लेखन, गणित. बारा ते चार सावलीत हातकाम. संध्याकाळी पाचनंतर गल्लीतल्या मुलांबरोबर खेळ. पावसाळ्यात आणि थंडीत वेळा पुढे-मागे होतात, तुकडे तेच राहतात.

बैठकीचा अभ्यास अडीच तासांपेक्षा लांबवू नका. तीन मुलांना समोरासमोर बसवून शिकवताना एवढ्या वेळात भरपूर होतं. थोरली स्वतःचं वाचत असते तेव्हा मी मधल्याचं गणित घेते आणि धाकटी शेजारी चिंचोके मोजत बसते. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं कामही तिच्याकडेच आहे. ती ते चोख करते.

रानात जाताना

सासऱ्यांचं रान दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे. आठवड्यातून दोनदा सकाळी आम्ही तिथे जातो. ज्यांना रान नाही त्यांनी ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून बांधावरून फिरावं. विचारल्याशिवाय कुणाच्या बांधावर पाय ठेवू नये. पहिला प्रश्न भाजीचा नको, "तणनाशक मारलंय का?" हा असावा. एकदा तांदुळज्याची लुसलुशीत पेंडी हातात असताना शेजारच्या बांधावरच्या काकांनी लांबूनच हाक मारून सांगितलं, की चार दिवसांपूर्वीच फवारणी झाली आहे. पानांवर काहीही दिसत नव्हतं. हमरस्त्याच्या कडेचं, नाल्याकाठचं आणि रंगाचं पाणी सोडतात त्या भागातलं काहीच घेऊ नका, कितीही हिरवंगार असलं तरी.

पहिल्या वर्षी पाच-सहा वनस्पतींपलीकडे जाऊ नका. आमच्या सुरुवातीच्या यादीत घोळ, तांदुळजा, पाथरी, कुरडूची कोवळी पानं आणि कडवंची एवढंच होतं. प्रत्येक झाड रोप, फूल आणि बी अशा तिन्ही अवस्थांत दाखवा. शेवटचा शब्द जाणत्या माणसाचा. आमच्याकडे तो सासूबाईंचा आहे. रानात काहीही तोंडात घालायचं नाही. आज्जीने बघितलं, निवडलं, शिजवलं की मगच खायचं. पाथरीची पानं आपण भाकरीबरोबर कच्चीच खातो, पण तीसुद्धा घरी आणून, धुऊन.

घोळीपाशी थोडं थांबा, कारण इथे चूक होऊ शकते. घोळीची पानं जाड, रसरशीत, देठ गुळगुळीत आणि लालसर. तिच्याच शेजारी दुधी नावाचं तण जमिनीला चिकटून पसरतं. त्याची पानं पातळ असतात. देठ मोडून बघायचा: पांढरा चीक आला तर ती घोळ नाही. पण मुलं यावरून लगेच नियम करून टाकतात, की चीक म्हणजे विष. ते बरोबर नाही, कारण पाथरीलाही चीक असतो आणि ती आपण आवडीने खातो. प्रत्येक झाडाची खूण वेगळी, हे पाठ करून कळत नाही, शंभरदा देठ मोडल्यावरच कळतं. घोळीत ऑक्झॅलेट जास्त असतं, त्यामुळे मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी ती टाळावी.

विषारी झाडं मुलांना खाण्याच्या झाडांच्या आधी शिकवा. धोतरा, एरंडाच्या बिया, घाणेरीची हिरवी फळं, आणि गुंज. लाल-काळी गुंज इतकी देखणी असते की ती ओवून माळ करायचा मोह होतो. लहान मूल असलेल्या घरात तिला जागा नको. गाजरगवत उघड्या हातांनी उपटू नका, अंगाला खाज सुटते. पायात बंद बूट आणि हातात काठी हवी, बांधावरच्या गवतात फुरसं असतं.

रुईबद्दल वेगळं सांगते. एका शनिवारी मारुतीच्या माळेसाठी मधल्याने रुईची फुलं तोडली आणि त्याच हाताने डोळा चोळला. डोळा फारसा दुखला नाही, म्हणून मी निर्धास्त राहिले. दुपारी तो म्हणाला, "आई, धुरकट दिसतंय." रुईचा चीक असाच असतो, दुखणं कमी आणि इजा जास्त. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले आणि आठवड्याने दृष्टी साफ झाली, पण ते आठ दिवस मला झोप नव्हती. चीक डोळ्यात गेला तर लगेच स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आता आमच्या पिशवीत पाण्याची एक बाटली केवळ हात-डोळे धुण्यासाठी असते.

नान्नजला माळढोक अभयारण्यात मात्र पिशवी घरी ठेवून जायचं. तिथलं काहीही उचलायचं नसतं. काळवीट बघायचे, गवतं बघायची, वहीत चित्र काढायचं.

कडवंची: रानापासून ताटापर्यंत

पावसाळ्यात काळ्या रानात कडवंचीचे बारीक वेल पसरतात. फळ करंगळीच्या पेराएवढं, हिरवं, अंगावर उभ्या शिरा. पानांखाली लपलेलं असतं, म्हणून ते आधी धाकटीला दिसतं. तिची नजरच त्या उंचीवर असते. फळं खुडायची, वेल ओढायचा नाही. खाली कंद असतो आणि पुढच्या पावसाला तोच पुन्हा फुटतो. थोरलीने हा कंद उकरून, बघून, चित्र काढून परत पुरला होता. वनस्पती अन्न कुठे साठवते, हा धडा त्या दिवशी झाला.

कडवंची त्याच दिवशी करावी. दोन दिवस ठेवली तर फळं उकलतात आणि बी निबर होतं. देठ आणि शेंडा काढून धुऊन कपड्यावर कोरडी करा. लोखंडी कढईत नेहमीपेक्षा थोडं जास्त तेल, जिरं, ठेचलेला लसूण. त्यात कडवंची टाकून मंद आचेवर परतत राहा. पाणी घालायचं नाही, झाकणही ठेवायचं नाही. साल सुरकुतून कडेने तांबूस झाली की मीठ आणि दोन चमचे शेंगाचटणी घालून उतरवा. कडूपणा राहतो, तो राहू द्या. कडक भाकरीबरोबर मुलं तो मागून खातात.

भाजी निवडायच्या आधी आणि नंतर वजन करायला लावा. अर्धा किलो घोळ निवडून सव्वातीनशे ग्रॅम भरली, तर किती टक्के वाया गेलं? मधल्याला टक्केवारी पुस्तकातून उमगत नव्हती, ती तराजूवर उमगली.

दुपारची सुताची पेटी

सोलापुरात हातकामाचं सामान विकत आणावं लागत नाही. 1877 मध्ये इथे पहिली कापड गिरणी उभी राहिली, आज गिरण्यांची जागा यंत्रमागांनी घेतली आहे, आणि चादरी-टॉवेलच्या कारखान्यांतून उरलेलं सूत, काठाच्या पट्ट्या, चिंध्या निघतच असतात. ओळखीच्या कारखान्यात विचारा. एका पत्र्याच्या पेटीत सूत रंगांप्रमाणे लावून ठेवा.

सुरुवात पुठ्ठ्याच्या मागापासून करा. वीतभर रुंद जाड पुठ्ठा घ्या, वर-खाली एक-एक सेंटिमीटरवर खाचा पाडा, खाचांतून उभं सूत ताणून गुंडाळा. हा ताणा. मग बोथट सुईत रंगीत सूत ओवून एकावरून-एकाखालून आडवं न्या. हा बाणा. परतताना उलट: जिथे वरून गेलात तिथे खालून. प्रत्येक ओळ जुन्या फणीने खाली ठोका. सगळ्यांची एकच चूक होते, कडेला सूत ओढलं जातं आणि कापड मधे कंबर बारीक केल्यासारखं दिसतं. यासाठी आडवं सूत सरळ न ओढता थोडं कमानीसारखं ठेवून मग ठोकायचं. ही युक्ती आम्हाला शहराच्या पूर्व भागातल्या एका पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातल्या, आजोबांनी दाखवली. त्यांनी तेलुगूत ओळी मोजल्या, ओकटी, रेंडू, मूडू, आणि आता आमची धाकटी बाणा मोजते तो तेलुगूतच.

डाळिंबाच्या सालीचा रंग

तिन्ही वयांची मुलं एकत्र गुंतून राहतात असं काम म्हणजे रंगवणं. सोलापूर जिल्हा डाळिंबाचा, त्यामुळे साली मागितल्या की मिळतात. ज्यूसच्या दुकानात सांगून ठेवा. गच्चीवर तीन-चार दिवसांत त्या खडखडीत वाळतात.

100 ग्रॅम मांजरपाट, म्हणजे कोरं जाडं सुती कापड घ्या. धुण्याचा सोडा घालून अर्धा तास उकळा, म्हणजे कापडाची खळ निघेल. हे टाळलंत तर रंग ठिपक्यांसारखा बसतो. कापडाच्या वजनाच्या 15 टक्के, म्हणजे 15 ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून कापड रात्रभर त्यात बुडवा. दुसऱ्या पातेल्यात 100 ग्रॅम वाळल्या साली दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी तासभर मंद उकळून गाळा. त्या पाण्यात ओलं कापड पाऊण तास मंद आचेवर हलवत ठेवा आणि तिथेच निवू द्या. मोहरीसारखा पिवळा रंग येतो. सावलीत वाळवा. हे भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही.

आता खरी गंमत. आठवडाभर आधी गंजके खिळे व्हिनेगरमध्ये घालून ठेवलेले असावेत. उरलेल्या रंगात त्याचा एक मोठा चमचा टाकून पिवळ्या कापडाचा एक कोपरा बुडवा. बघता बघता पिवळ्याचा राखाडी-हिरवा होतो. सालीतलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आणि खिळ्यांतलं लोह एकत्र आलं की असं होतं. पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांची काळी शाई करत, तीही याच गुणावर. पहिल्यांदा हे झालं तेव्हा थोरलीने रसायनशास्त्राचं पुस्तक आपणहून उघडलं. मधला 15 टक्क्यांचा हिशोब 250 ग्रॅम कापडासाठी मांडत बसला आणि धाकटी खिळे मोजत राहिली.

झाडांची वही

रानातून आणलेल्या प्रत्येक झाडाची एक फांदी वर्तमानपत्राच्या घडीत ठेवा आणि वर चादरींची चळत. कागद दर दोन दिवसांनी बदला, नाहीतर पावसाळ्यात बुरशी येते. पंधरा दिवसांनी ती वहीत दोऱ्याने टाचा. खाली तारीख, जागा, मराठी नाव, आज्जी काय म्हणते ते नाव, आणि खायचं की नाही ते लाल किंवा हिरव्या टिकलीने. आमच्या वहीत कन्नड नावंही आहेत, कारण शेजारच्या काकू अक्कलकोटच्या.

रात्री झोपायच्या आधी दाराशी पिशवी भरून ठेवा: कापडी पिशव्या दोन, बोथट कात्री, वही-पेन्सिल, प्यायचं पाणी, धुण्याचं पाणी वेगळं, भाकरी आणि शेंगाचटणी, प्रत्येकाची टोपी. सकाळी सहाला पिशवी शोधत बसलात तर निघायला सात वाजतात, आणि उन्हाळ्यात साडेआठनंतर बांधावर उभं राहवत नाही.